चिडणारं माणूस पाहिजे

पुण्याहून होकार आला तेव्हा गौतम दाढी करत होता, आणि उरलेली अर्धी दाढी त्याने दुसऱ्या दिवशी केली. एवढा धक्का बसला. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात त्याला होकार कुठूनच आलेला नव्हता, त्यामुळे होकारानंतर करतात काय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

होकार प्रियदर्शिनीचा होता. ती एका मराठी वेबसाइटची संपादक. तिला बारा भागांची उपहासाची चित्रमालिका पाहिजे होती आणि गौतमची रेघ तिला आवडली होती. मालिका कुठे घडते आणि कशाबद्दल आहे, एवढं त्याने पहिल्या भागासकट रविवारी संध्याकाळी आठपर्यंत कळवायचं होतं. शिवाय एक अट होती.

"वाचून कोणीतरी चिडलं पाहिजे," ती फोनवर म्हणाली. "कोणीच चिडत नाही अशा सात मालिका माझ्याकडे आहेत. सातही जणांचे आईवडील खूश आहेत."

गौतमच्या वडिलांचं, एकनाथरावांचं, नारायणगुड्यात वह्यापुस्तकांचं दुकान होतं. ते बोलायचे कमी, आणि बोलले तरी पावती फाडून हातात दिल्यासारखं. चुलतभाऊ रितेशने आपल्या कंपनीत गौतमसाठी शब्द टाकला होता. सोमवारी नऊला रुजू व्हायचं आणि परदेशातल्या लोकांच्या प्रिंटरबद्दलच्या तक्रारी ऐकायच्या. प्रियदर्शिनीचं कळल्यावर एकनाथरावांनी निकाल दिला, "रविवारपर्यंत तू तुझा. सोमवारपासून रितेशचा."

तर प्रश्न एवढाच उरला, की हैदराबादेत चिडणारं माणूस कुठे मिळेल. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं.

आधी गौतमने कागदावर एक कंपनी काढली, जिथे लिफ्ट ज्या मजल्यावर अडकेल त्या मजल्याच्या माणसाला बढती मिळते. रितेशला दाखवली. रितेश मराठी वाचायचा म्हणजे दिवे गेल्यावर माणूस स्वयंपाकघरात चाचपडतो तसा. दहा मिनिटांनी त्याने मान वर केली आणि गंभीरपणे विचारलं, "हौ, आमच्यात आता असंच सुरू होणाराय. तुला कुणी सांगितलं?"

मग गौतमने नामपल्लीची नुमाइश, म्हणजे तिथलं दरवर्षीचं मोठं प्रदर्शन, घेतली. एक कुटुंब तिथल्या गर्दीत आजोबांना हरवतं, चुकून दुसरेच आजोबा घरी आणतं, आणि सगळे पहिल्यापेक्षा सुखी होतात. ही त्याने शेजारच्या खऱ्या आजोबांना दाखवली. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, कुटुंब बदलून कुठल्या गाळ्यावर मिळतं.

शुक्रवार मावळला आणि गौतमला मंडळ आठवलं.

गोदातीर मराठी मंडळ म्हणजे विद्यानगरात एका झेरॉक्सच्या दुकानावरचा हॉल. निजामाच्या काळी जे आजेपणजे नांदेड-परभणीकडची शेती भावांवर सोपवून हैदराबादेत आले, त्यांची नातवंडं पंचेचाळीस खुर्च्यांवर महिन्यातून एकदा जमायची. घटनेत मंडळाचं उद्दिष्ट 'संस्कृतीचे जतन' असं होतं. प्रत्यक्षात मंडळ फक्त सत्कार करायचं. नोकरी लागली, सत्कार. सुटली, सत्कार. मुलगा परदेशी गेला म्हणून एक, परत आला म्हणून दुसरा. गेल्या दिवाळीत एकेचाळीस सत्कार झाले आणि ऐकायला तीन माणसं उरली, तेव्हा बसून राहिल्याबद्दल त्या तिघांचाही करून टाकला.

गौतमने चार चौकटी काढल्या. मे महिना आहे. मंडळाचे अध्यक्ष मुकुंदराव बासष्ट शाली पांघरून मंचावर बसलेत. उष्माघाताने कोसळतात. आणि शुद्धीवर आल्याबरोबर, शुद्धीवर आल्याबद्दल, त्यांचा शाल घालून सत्कार होतो. मुकुंदरावांचं नाक त्याने मन लावून काढलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ, हार सचिवानंतर मिळाला म्हणून सचिवाशी दोन वर्षं बोलला नव्हता. तो चिडला नाही तर हैदराबादेत कोणी चिडणार नव्हतं.

शनिवारी सकाळी दहा वाजता गौतमने ते चित्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. एकशे चौदा सभासद. वीस मिनिटांनी मुकुंदरावांचा फोन आला.

"हॉलवर ये. आत्ता."

गौतमने स्कूटर गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याकडे तोंड करून लावली आणि किल्ली तशीच ठेवली.

वर कार्यकारिणीचे सात जण बसले होते. मुकुंदरावांच्या हातात ते चित्र होतं, खालच्या दुकानातून मोठं करून आणलेलं, रंगीत.

"हे तू काढलंस?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

गौतमला इतका आनंद झाला, की तो कसाबसा चेहरा पाडून उभा राहिला.

"बासष्ट शाली?" मुकुंदराव म्हणाले. "माझे सत्कार चौऱ्याऐंशी झालेत, बाबा. तारखेनिशी वहीत आहेत. लोक काय म्हणतील, बावीस गेले कुठे?"

तोवर महिला विभागाच्या कुसुमताईंनी चित्र ओढून घेतलं. निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्यासमोर अजूनही कोणी पाय सोडून बसत नसे. त्यांनी तिसऱ्या चौकटीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक अंबाडा होता.

"ही मी?"

गौतम हो म्हणाला.

"पस्तीस वर्षं या मंडळात राबले, आणि थट्टेत पाठमोरी? यांच्या नाकावर एवढी शाई खर्च केलीस. माझ्या नाकात काय कमी आहे?"

मग मानपान सुरू झालं. लग्नात विहिणीला साडी कुठली, यावरून होतं तेच. फक्त इथे वस्तू थट्टा होती. पहिल्या भागात कोणाची टिंगल, दुसऱ्यात कोणाची, ज्येष्ठता वयाने धरायची की सभासदत्वाने. बारांपैकी चार भाग महिला विभागाला हवे होते. उपाध्यक्षांनी सांगून टाकलं, की टवाळी झाली तर जोडीने होईल, नाहीतर नको. कोणाचा जावई बेंगळुरूहून दसऱ्याला येणार होता. त्याची खिल्ली पहिल्या तीन भागांत उडाली नाही तर पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागणार होतं. गौतमने शेवटचा उपाय म्हणून तिथल्या तिथे सांगितलं, की मी तुम्हा सगळ्यांना पोकळ म्हणतोय. उपाध्यक्षांनी तो शब्द टिपून घेतला आणि तो आपल्या भागात यावा अशी विनंती केली.

तासाभरात थट्टा उपसमिती नेमली गेली. पाठोपाठ ठराव झाला. सूचक कुसुमताई, अनुमोदक मुकुंदराव. मंडळाच्या इतिहासात प्रथमच सर्वांचा एकत्रित अपमान योजल्याबद्दल कुमार गौतम याचा रविवारी सकाळी अकरा वाजता जाहीर सत्कार.

गौतम रात्रभर पाठ केलेलं नकाराचं भाषण घेऊन गेला. त्यात तीन ठिकाणी 'ढोंग' हा शब्द होता. पण भाषणाच्या आधी शाल आली. मोहरीच्या रंगाची, लालसर काठाची, मऊ. मुकुंदरावांनी ती त्याच्या खांद्यावर टाकली, कुसुमताईंनी नारळ दिला, पंचेचाळीस खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि गेल्या दोन दिवसांतला सगळ्यात मोठा धक्का गौतमला तेव्हा बसला. त्याला आवडलं. पाठ आपोआप ताठ झाली. भाषणात ढोंगाच्या जागी तिन्हीदा 'ऋण' आलं. खाली बसल्यावर त्याने शालीसकट स्वतःचा फोटो काढला आणि रितेशला पाठवला, आणि मग, हात थांबवता न आल्यामुळे, प्रियदर्शिनीलाही. खाली लिहिलं, 'शहराने दखल घेतली.'

शाल सावरत तो जिना उतरला. खाली दारात त्याचे वडील उभे होते. बाबा मंडळाचं काहीतरी काम करतात एवढं त्याला माहीत होतं. काय, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. चपलांकडे बघत असावेत, असं त्याने धरलं होतं. एकनाथरावांच्या काखेत चेनची निळी पिशवी होती. त्यांनी हात पुढे केला.

"घडी घालून दे."

"काय?"

"शाल."

गौतमला वाटलं, चुरगळू नये म्हणून मागतायत. त्याने काढून दिली. एकनाथरावांनी ती चौपदरी केली, पिशवीत सरकवली आणि चेन ओढली. पिशवीत आधीच चार होत्या.

मग त्यांनी, गिऱ्हाइकाला वहीची पानं सांगावीत तसं, सांगितलं. मंडळाच्या शाली अकरा. पंधरा वर्षं त्याच. कार्यक्रम झाला की माणूस जिना उतरतो, इथे शाल देतो आणि जातो. सत्कार जास्त असले तर तीच लगेच पुन्हा वर जाते. नंतर ते घरी नेऊन रिठ्याने धुतात, इस्त्री करतात, पुढच्या महिन्याला वर पाठवतात. नारळ तेवढा न्यायचा.

"म्हणजे मुकुंदकाकांच्या चौऱ्याऐंशी..."

"त्यात ही एकवीस वेळा," एकनाथराव पिशवीवर थाप मारून म्हणाले.

"सगळ्यांना माहीत आहे?"

"ज्यांना मिळाली त्यांना. बाकीच्यांना मिळेपर्यंत नाही."

"आणि मिळाल्यावर कोणी बोलत नाही?"

"बोलायचं तर आपणही परत दिली, हे सांगावं लागतं."

तेवढ्यात जिन्यावरून मुकुंदराव आले. सत्कार केल्याबद्दल त्यांचाही सत्कार झाला होता. छत्री द्यावी तशी, न बघता, त्यांनी शाल एकनाथरावांच्या हातात दिली, आणि मग त्यांना गौतम दिसला. चौऱ्याऐंशीचा आकडा मिरवणारा, नाकावर खूश असणारा तो चेहरा एकदम उतरला.

"हे काढायचं नसतं," ते म्हणाले. हळू म्हणाले. त्यात अध्यक्ष कुठेच नव्हते.

तर मिळालं. जागा मिळाली, विषय मिळाला, चिडणारं माणूसही मिळालं. आणि गौतम दुपारी दोनपासून कोऱ्या कागदासमोर बसून राहिला, कारण हे काढलं तर एकशे चौदा जण एकच म्हणणार होते, एकनाथरावांच्या पोराला आतलं कळलं, बापानेच सांगितलं. बाबा गेली पंधरा वर्षं त्या दारात उभे होते. त्याने घरी आल्यावर विचारलं होतं, हे काम कशाला घेतलंत. "तिथे उभं राहिलं की भाषण करावं लागत नाही," ते म्हणाले होते. बास. एका माणसाला हैदराबादेत मनासारखी जागा मिळालेली, आणि ती घालवायची तर एक पेन्सिल पुरत होती. न घालवावी, तर उद्या नऊला प्रिंटर.

साडेचार वाजता रितेशचा निरोप आला. कंपनीच्या ओळखपत्रावर टाकायला फोटो पाहिजे होता. 'वो शालवालाच भेज, मस्त है.'

गौतम त्या फोटोकडे बघत बसला. ताठ मान. किंचित वर उचललेली हनुवटी. शहराने दखल घेतल्याचा चेहरा. त्याला आधी कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटल्या, मग पूर्ण तोंड. बाबांनी त्याला काही सांगितलंच नसतं तरी चाललं असतं. शाल त्याच्याच खांद्यावरून गेली होती. तो दुसऱ्या कोणाचं नाही, स्वतःचं सांगू शकत होता.

त्याने काढायला घेतलं. पहिल्या चौकटीत एक चित्रकार पोरगा आरशासमोर सांगतोय, की मी कोणाचा सन्मान स्वीकारत नाही. दुसरीत शाल. तिसरीत तो शालीसकट स्वतःचा फोटो काढतोय. चौथीत दार, घडी घातलेली शाल, आणि ती घ्यायला चौकटीच्या बाहेरून पुढे आलेले दोन हात. मुकुंदराव नाहीत, चौऱ्याऐंशी नाहीत, अंबाडा नाही. नाकावरची सगळी शाई या वेळी त्याने स्वतःच्या नाकावर खर्च केली. जागा, मंडळाचं दार. विषय, वर मिळतं ते खाली द्यावं लागतं.

सात वाजता त्याने कागद वडिलांपुढे ठेवला. एकनाथरावांनी चष्मा लावला.

"हात कोणाचे?"

"कोणाचेही. तुम्ही नको म्हणालात तर फाडतो."

एकनाथराव बराच वेळ बघत राहिले. गौतमने तेवढ्यात रितेशची कंपनी, तिची लिफ्ट आणि तिथली पुढची तीस वर्षं बघून घेतली.

"घडी चुकली," ते शेवटी म्हणाले. "काठ आत जातो. बाहेर राहिला की मळतो."

गौतमने काठ आत घेतला आणि सात चाळीसला पाठवून दिलं. पाच मिनिटांत प्रियदर्शिनीचा फोन.

"चिडणार कोण?"

"मी चिडलोय," गौतम म्हणाला. "सकाळपासून."

"तो दखलवाला फोटो खरा होता?"

"हो."

पलीकडे ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. तिला म्हणे कॉलेजातली एक फिरती ढाल आठवली, फोटो काढून परत दिलेली. मग ती कोरड्या आवाजात म्हणाली, "दुसरा भाग बुधवारी." एकनाथरावांनी आतून सांगितलं, रितेशला कळवून टाक, त्याने शब्द टाकला होता.

आठ वाजता गौतमने चित्र मंडळाच्या ग्रुपवरही टाकलं. त्यांच्या पाठीमागे छापण्यात अर्थ नव्हता. एकशे चौदा जणांनी पाहिलं. कोणी अंगठा दाखवला नाही, फूल पाठवलं नाही, हात जोडले नाहीत. ज्या ग्रुपवर भाजीच्या फोटोलाही 'अभिनंदन' यायचं, तिथे कोणी श्वास घेत नव्हतं. कुसुमताई काहीतरी टाइप करतायत असं दिसलं. मग दिसेनासं झालं. पुन्हा दिसलं. पुन्हा गेलं.

पावणेनऊला फोन वाजला, पण गौतमचा नाही. एकनाथरावांचा. पलीकडे मुकुंदराव होते. गौतम दाराला टेकून उभा राहिला.

"हौ," एकनाथराव म्हणाले. "हौ, पाहिलं... नाही, त्याला शाल तुम्हीच घातली ना, कालच्या ठरावाने... हौ... हौ. बरं."

त्यांनी फोन ठेवला आणि चष्मा पुसला.

"शाली बंद," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून नुसता नारळ."

"आणि तुम्ही?"

"दाराशीच." एकनाथरावांनी निळी पिशवी उचलली, आत हात घालून तिची खोली बघितली. "नारळ परत घ्यायचे का, त्याची उद्या बैठक आहे."