सोळातून बारा

आमच्या बिल्डिंगला तेरावा मजला नाही. म्हणजे आहे, पण त्याला चौदावा म्हणतात. बिल्डरने तेरा अशुभ म्हणून गाळला आणि आम्हीही गाळू दिला, कारण अशुभाशी वाद कोण घालणार? त्यामुळे मी पाहुण्यांना ‘सोळाव्यावर राहतो’ असं सांगतो, तेव्हा खरा पंधराव्यावर उभा असतो. या फुकटच्या मजल्याची मला फार दिवस गंमत वाटायची. आता वाटत नाही.

कशेळीकडे आमची भातशेती होती, तिच्यावरच हा टॉवर उभा आहे. जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळाले आणि मूळ मालक म्हणून लोकांनी मला सोसायटीचा सेक्रेटरी केलं. तेव्हापासून लोक मला केसरीशेठ म्हणू लागले आणि मीही छाती जरा पुढे काढूनच चालायला लागलो.

माझी आई हौसा मात्र इतक्या उंचावर रमली नाही. तिला वाचता येत नाही, आकडेही ओळखता येत नाहीत, मोजायचं ते बोटांवर. दिवसभर खिडकीत बसून खालची माणसं बघायची. मग तिला राहीबाई भेटली. राहीबाई खारबावची, आमच्याकडे भांडी-लादी करायची. दुपारी एक वाजता बिल्डिंगमधल्या सगळ्या कामवाल्या बाराव्या मजल्यावर डबे सोडायच्या. तिथे रेफ्यूज एरिया आहे, म्हणजे आग लागली तर लोकांनी येऊन थांबायची मोकळी जागा. ती कशासाठी असते हे आईला मीच मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. राहीबाई लिफ्टचं बटण दाबायची आणि आई आपला डबा घेऊन तिच्याबरोबर उतरायची. परत यायची ती हसतच.

एका रविवारच्या मीटिंगमध्ये तक्रार आली, की बाराव्यावर सुकटीचा वास येतो. दोघा-तिघांनी नाकं मुरडली. डबा कोणाचा, हे मला माहीत होतं. माझ्या बायकोने, मंदाने, सकाळीच कांदा घालून सुकट केली होती आणि मी चापून खाल्ली होती. पण सेक्रेटरीची आई फरशीवर कामवाल्यांत बसून जेवते, हे कोणी बोलून दाखवायच्या आत मीच म्हणालो, “कुलूप लावून टाकू.” एक जण पुटपुटला, त्या जागेला कुलूप चालत नाही. मी म्हटलं, “चावी माझ्याकडे आहे ना!” मंगळवारी सकाळी अकराला मी स्वतः जाऊन कुलूप ठोकलं. आईला संध्याकाळी काहीतरी सांगू, असं ठरवून माझ्या गोडाऊनवर निघून गेलो.

साडेबाराला सातव्या मजल्यावर मीटरच्या खोलीत आग लागली.

लिफ्ट बंद, दिवे गेलेले, जिन्यात धूर. घरात आई आणि राहीबाई, दोघीच. राहीबाई म्हणत होती, घरातच थांबू. आई म्हणाली, “न्हाय, बाराव्यावर चल. ती जागा याच्यासाठीच हाय, केसरीनं सांगलंय.” रोज लिफ्ट तीनदा टिंग करायची, म्हणून आईने तीन मजले मोजले. अंधारात लोखंडी दार हाताला लागलं. दोघींनी ढकललं, बडवलं, हाका मारल्या. राहीबाईने निघताना ओला टॉवेल घेतला होता, तो तिने आईच्या नाकाशी धरला. स्वतःच्या नाकाशी काहीच नाही. शेवटी तिनेच आईला ओढत परत वर नेलं.

मी पोचलो तेव्हा आग विझली होती. अग्निशमन दलाचे जवान वर गेले आणि मी बाराव्यावर मागे राहिलो. कुलूप काढलं आणि खिशात घातलं. कमिटीतले सगळे गप्प बसले. मीटिंगमध्ये कुलपाच्या बाजूने त्यांनीही हात वर केले होते ना!

आई तिसऱ्या दिवशी घरी आली. राहीबाई सतरा दिवस हॉस्पिटलात होती. दोन वाक्यं बोलली की तिला आता खोकला येतो, आणि जिने चढायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. तिची सगळी कामं सुटली. मी फळं पाठवली. फळं!

“दार का उघडलं न्हाय रं?” आईने विचारलं.

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. पण माझ्या तोंडून दुसरंच निघालं. “आई, सोळातून बारा गेले की किती उरतात? चार. तू तीनच मजले उतरलीस. एक मजला वरच थांबलीस आणि विजेच्या कपाटाचं दार बडवत राहिलीस.”

तिने बोटं मोजली. चारच भरली. मग तिने मूठ मिटली.

“माझ्या अडाणीपनानं राहीचा ऊर गेला,” ती म्हणाली. मंदाने राहीबाईला भेटायला चल म्हटलं, तर “कुठल्या तोंडानं जाऊ?” सुकट तिने सोडूनच दिली. मंदा करायची आणि मी ताटावर मान खाली घालून बसायचो.

महिन्याभराने आई माझ्यासमोर पाटी घेऊन बसली. “केसरी, मना आकडे शिकव. परत चूक व्हायला नको.”

मी तिचा हात धरून गिरवून घेत होतो. सोळापर्यंत यायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी दुपारी ती म्हणाली, “आता लिफ्टीत चल.”

लिफ्टमध्ये ती बटणांवरून बोट फिरवू लागली. “अकरा... बारा... हा?”

“चौदा.”

“तेरा कुठं हाय?”

“तेरा नाही, आई. अशुभ म्हणून गाळलाय.”

तिने स्वतः बारा दाबला. टिंग. टिंग. टिंग. दार उघडलं आणि समोर भिंतीवर बाराचा आकडा होता. तिने तो वाचला. मग बोटं पुढे धरली. “पंधरा, चौदा, बारा.” तीन बोटं. तिने पुन्हा मोजली.

“मी बराबर उतरले व्हते.”

“हो.”

“मंग दार?”

“कुलूप होतं, आई. मी लावलं होतं. तू इथे बायकांत बसून जेवायचीस, त्याची मला लाज वाटली. आणि नंतर तुझ्याशी खोटं बोललो.”

मला वाटलं, मुस्काटात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, “लाज वाटली तर मना सांगायचं रं. मी बसले असते घरात.”

मला रडू आलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. परत लिफ्टमध्ये शिरली.

“तळमजल्याचं बटन कंचं?”

मी दाखवलं.

“दाब. खारबावला जायचंय. मना सांगलंस तसंच राहीला सांग.”

“आता?”

“आता.”

माझं बोट उचलेना. तेव्हा आईने माझा हात धरला, गिरवताना मी तिचा धरायचो तसा, आणि बटणावर टेकवला.