बहिष्काराचं व्याकरण

चर्चमधली मिस्सा-उपासना लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली तेव्हापासून बिशप सिप्रियन लोबोंचं वरिष्ठांशी बिनसलं होतं. देवाला लॅटिनच कळते, असं त्यांचं ठाम मत होतं. २००१ साली त्यांनी मांडवीला आंब्याच्या पेट्या ठेवायची एक खोली घेतली, तिथे वेदी मांडली आणि चार माणसांसमोर लॅटिन मिस्सा सुरू केली. वरिष्ठांनी तीनदा समज दिली. मग पत्र आलं, तेही लॅटिनमध्ये: तुम्हाला चर्चमधून बहिष्कृत केलं आहे.

लोबोंनी पत्र वाचलं आणि लाल पेन शोधलं. पत्रात विभक्तीच्या तीन चुका होत्या. "अशुद्ध भाषेत कुणाला बाहेर काढता येत नाही," असं खाली लिहून त्यांनी ते परत धाडलं. "शुद्ध करून पाठवा, मी स्वतः वेदीवरून वाचून दाखवीन."

महिन्याभराने पत्र आलं. लोबोंनी चष्मा पुसून ते चारदा वाचलं. चूक एकही नव्हती. शेवटचं वाक्य तर फारच देखणं होतं. आता वाचणं भाग होतं, शब्द देऊन बसले होते.

रविवारी त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. गुडघे टेकलेल्या चारही माणसांनी सवयीप्रमाणे एका सुरात "आमेन" म्हटलं.

मिस्सा संपल्यावर म्हाताऱ्या फिलोमिनाबाई दाराशी थांबल्या. "आजचा पाठ फार गोड होता हो, बिशपसाहेब. पुढच्या रविवारी पण हाच वाचा."

हिला त्याचा अर्थ मराठीत सांगावा, असं लोबोंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. ते म्हणाले, "बरं."