न्यूमोनिकची फोड

"बाई, पेपरमा हाऊ शबद काय शे?" बन्सीलालने मथळ्यावर बोट ठेवले. "नुसता प्लेग नही लिखं."

प्लेगच्या धास्तीने कापडाच्या लूमवर राबणाऱ्यांचे अर्धे नवागाम रिकामे झाले होते. बन्सीलालचा ट्रक उरलेल्यांना घेऊन दुपारी गावाकडे, धुळ्याला, निघणार होता. विजयाबाई मराठी शाळेत विज्ञान शिकवायच्या. अवघड शब्द दिसला की तो फोडून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जित्याची खोड. आताही त्यांनी वर्गातल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

"न्यू-मो-निक. टाळ्या तीन, पण तुकडे दोनच. न्यूमोन म्हणजे ग्रीकमध्ये फुप्फुस. पुढे इक, आपल्या शारीरिकमधल्यासारखा. फुप्फुसाचा प्लेग."

"म्हंजे खोकलावर पसरस?"

"हो, खोकल्यातून."

भोवती जमलेल्या सगळ्यांच्या माना शेजारच्या दाराकडे वळल्या, तेव्हा बाईंना आपण काय केले ते कळले. आत भिकन खोकत होता. लूमची धूळ छातीत बसून त्याला हा खोकला कधीचाच जडला होता, आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते.

दुपारी भिकन बायकोला, शोभाबाईला, घेऊन ट्रकपाशी आला तेव्हा बन्सीलाल आडवा आला.

"खोकणाराले गाडीमा जागा नही. तिले बी नही."

"खोकला लूमना शे, जुना शे. बाईले इचार."

"त्याचा खोकला जुनाच आहे," ट्रकमध्ये बसलेल्या विजयाबाई म्हणाल्या.

"तुम्हीच तं सांगं ना बाई, फुप्फुसना रोग."

त्याला माझ्या शेजारी बसवा, एवढेच म्हणायचे होते. बाईंनी पदर नाकाशी धरला. त्यांना खरोखरच भीती वाटत होती, त्याच्या खोकल्याचीही. नवरा अविनाश पुटपुटला, "गप्प बस. आपल्यालाही उतरवतील."

भिकनने वर पाहिले. मग बन्सीलालला म्हणाला, "मी नही येस. हाई तं खोकत नही ना? हिले ली जाय."

बन्सीलालने शोभाबाईकडे जरा वेळ पाहिले आणि ट्रकची मागची फळी पाडली. तिला वर चढवून भिकन मागे सरला, पार भिंतीपर्यंत. खांद्यावरचा टॉवेल त्याने तोंडात कोंबला.

"मांगतून येशात ना?" शोभाबाईने विचारले.

त्याने होकाराची मान हलवली. ट्रक सुरू होईना, बन्सीलाल पुन्हा पुन्हा चावी फिरवत होता. भिकनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या, पण आवाज नव्हता. शोभाबाई बाईंच्या कानाशी म्हणाली, "आज त्यास्ना खोकला कमी शे, नही?"

"हो," बाई म्हणाल्या.