तीनशे बारा समूहांचे मध्य

हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा ड्रायव्हर डेपोत बस लावत होता. बायको सकाळी हसत ऑपरेशनला गेली होती. ती परत येणार नाही, एवढंच पलीकडच्या बाईने सांगितलं. त्याने गाडी रांगेत सरळ लावली, किल्ली जमा केली आणि मग हॉस्पिटलकडे निघाला.

महिन्याभराने बायकोची विद्यार्थिनी तोंड पाडून घरी आली.

बायको विद्यापीठात आकाशगंगांचे छोटे समूह अभ्यासायची. समूहात न दिसणारं जड द्रव्य असतं. त्यामुळे मागून येणारा प्रकाश वाकतो आणि लांबच्या आकाशगंगा किंचित ताणलेल्या दिसतात. तो ताण मोजला की न दिसणाऱ्याचं वजन कळतं. पण मोजायचं समूहाच्या मध्यापासून. मध्य चुकला की वजन कमी भरतं. कॉम्प्युटर सगळ्यात तेजस्वी आकाशगंगेलाच मध्य धरून मोकळा होतो. बायको एकेक समूह डोळ्यांनी बघून वहीत मध्य लिहायची, आणि तिच्या मध्यावरून मोजलेलं समूहाचं वजन कॉम्प्युटरच्या सव्वापट भरायचं.

विभागप्रमुखांना ते पटत नव्हतं. तिची पारख करायला त्यांनी तिच्या नकळत तीनशे बारा खऱ्या समूहांच्या यादीत वीस बनावट समूह घुसवले होते. त्यांचे खरे मध्य एका बंद पाकिटात होते आणि पाकीट उद्या उघडणार होतं. वही चुकली तर विभागाचा शोधनिबंध कॉम्प्युटरच्या आकड्यांवर जाणार, आणि तिचं नाव कुठेतरी शेवटी.

विद्यार्थिनीने वही मागितली. ड्रायव्हर म्हणाला, "मीच घेऊन येतो, पोरी."

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून मीटिंगच्या खोलीत बसला. विभागप्रमुख साहेब पाकिटातला एकेक मध्य वाचत गेले, विद्यार्थिनी वहीशी ताडून बघत गेली. कॉम्प्युटरचे वीसपैकी अकरा बरोबर आले. वहीतले एकोणीस. विसाव्या समूहापुढे मध्यच नव्हता, नुसती एक ओळ होती. विद्यार्थिनीने ती वाचली: "इतका नीटनेटका समूह आकाशात नसतो. साहेबांचा हात दिसतोय."

साहेबांनी चष्मा काढला. हसावं की काय करावं, त्यांना कळेना. "चोरी पकडली होती माझी. आणि वर्षभर एका शब्दाने बोलली नाही."

"घरीही तसंच होतं, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "पकडायची सगळं, बोलायची नाही."

साहेबांनी पेन घेऊन निबंधावर तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं. ड्रायव्हरने ते दोनदा वाचलं. गाडी चालवण्यात इतकी वर्षं गेली, पण एवढी ताठ मान त्याची कधी झाली नव्हती.

तीनशे बारांपैकी एक्केचाळीस समूहांचे मध्य वहीत अजून रिकामे आहेत, ते आता विद्यार्थिनीला लावायचे आहेत.