बांधावरची भाजी

देवरामनं बांधावर तणनाशक मारलं तेव्हा त्याची बायको यशोदाबाई माहेरी गेली होती. नाहीतर पंपासकट त्यालाच तिनं खाली ढकललं असतं. हे औषध आमच्याकडं तेव्हा नुकतंच आलं होतं. देवरामनं शहरातल्या द्वारका चौकातल्या दुकानातनं आणलं.

ती परतली तर बांध तांबडा पडलेला. कुर्डू, चिघळ, तांदुळजा, कुंपणावरचा करटुल्याचा वेल, सगळी रानभाजी भाजून काढल्यासारखी.

"कसा चकाचक झाला बघ," देवराम म्हणाला.

"लय चकाचक," म्हणत ती घरात गेली.

आमच्या गिरणारे गावाकडं पावसाळ्यात शेतात टमाटा. तो मार्केटला जातो. चुलीवर शिजते ती बांधावरची भाजी. देवरामला याचा विसर पडला होता. यशोदाबाईनं तो विसर ताटातनं घालवला. सकाळी टमाट्याची चटणी, सांजच्याला टमाट्याचा रस्सा. दुसऱ्या दिवशी उलटं. आठवड्यात देवरामची छाती जळायला लागली.

"घरात दुसरं कायी नाय का?"

"व्हतं. तुम्ही फवारलं."

पलीकडं धाकट्या भावाचं, गोटीरामचं रान. त्याचा बांध हिरवागार. पण वाटणीपासून भावाभावांत बोलणं नव्हतं, जावाजावांतही नव्हतं.

एका सकाळी यशोदाबाई पदर खोचून सरळ दिराच्या बांधावर बसली आणि कुर्डू खुडायला लागली. गोटीरामची बायको साळूबाई विळा घेऊन आली. आता जुंपणार, म्हणून देवराम टमाट्याच्या काठ्यांआड उभा राहिला.

साळूबाईनं जरा वेळ बघितलं.

"कवळं कवळं घ्या, आक्का," ती म्हणाली. "निबर बियाला ऱ्हाऊ द्या."

आणि शेजारी बसली.

त्या सांजेला देवरामनं तीन भाकरी खाल्ल्या. भाजी कुठली, हे काही विचारलं नाही.

चार दिवसांनी गोटीराम दारात येऊन उभा राहिला.

"दादा, पंप मिळंल का? बांधावर तण लय माजलंय."

चुलीपाशी यशोदाबाईचा हात थांबला. पंप ओसरीवर खुंटीला, धुऊन पुसून टांगलेला. देवरामनं पंपाकडं बघितलं.

"बिघडलाय."

गोटीरामनंही पंपाकडं बघितलं.

"कधी व्हईल नीट?"

"दिवाळीनंतर."

"तवर तण आपसूकच वाळंल की."

"वाळंल."

वाटणीनंतरचं भावाभावांचं हे पहिलं बोलणं, आणि त्यातलं निम्मं खोटं.

"मग दिवाळीनंतर येतो," गोटीराम म्हणाला. पण गेला नाही. चपला काढून ओसरीवर टेकला.

यशोदाबाईनं चहाचं आधण ठेवलं.