येड्याची काठी

"मिस्त्री, सकाळपासून नुसती भिंत बघताय. काय, पसंत नाही का पडली मुलगी?"

दारात हिबिनो उभा होता. या कामावरचा मुकादम. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. शोझो कुझेने मान वळवली नाही. त्याच्या हातात देवदाराची पुरुषभर उंचीची एक काठी होती. रंधा मारलेली, गुळगुळीत आणि कोरी. कोरी होती हेच त्याचं दुखणं होतं.

"ओलावा बघतोय भिंतीचा," तो म्हणाला.

"तीन दिवस झाले बघताय. एवढ्यात तर बेडूक पण वाळला असता." हिबिनो हसत हसत निघून गेला.

त्या काठीला कासाहारा गावातले टाइलवाले 'येड्याची काठी' म्हणतात. कामाला हात घालण्याआधी भिंत मोजायची, टाइल मोजायची, टाइल-टाइलमधला सांधा धरायचा आणि कुठे काय येणार त्याच्या खुणा पेन्सिलीने काठीवर करायच्या. मग टेप लागत नाही की हिशेब लागत नाही. काठी भिंतीला लावली की येड्यालाही चुकता येत नाही. एका काठीवर एकच काम. काम संपलं की काठी मोडायची, नाहीतर एखादा खरा येडा ती दुसऱ्या भिंतीला लावायचा. कुझेंच्या घरी काठी मोडायची ती शोझोच्या बायकोने, फुमिएने, गुडघ्यावर, एका झटक्यात. तुकडे टोमॅटोच्या रोपांना आधाराला लागायचे.

खुणाही फुमिएच करायची. ही गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती.

बेचाळीस वर्षं नवराबायको एकाच गाडीतून कामावर गेले. ती मसाला कालवायची, सांधे भरायची, पुसायची. टाइल लावायचा तो. त्याच्या हाताला ओळंब्याची गरज नव्हती असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. पण लोक आणखी एक गोष्ट म्हणत. "वाटणी बघावी तर कुझेची. कोपऱ्यात कधी चिंधी नाही." चिंधी म्हणजे कडेला उरणारा टाइलचा बारीक तुकडा, आणि वाटणी म्हणजे भिंतीवर टाइला कशा वाटून घ्यायच्या ते. ही वाटणी फुमिए पहाटे स्वयंपाकघरात, भात शिजेपर्यंत करून ठेवायची. काठी दाराशी उभी असायची, तो ती उचलून गाडीत टाकायचा. "शिकवू का एकदा?" तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. "तू आहेस ना," तो म्हणाला होता. पुन्हा तिने विचारलं नाही.

फेब्रुवारीत फुमिए अंगणात पडली. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. जूनअखेर तिला घरी आणायचं होतं, पण घरचा टब खोल आणि अरुंद. एकट्या माणसाला तिला त्यात उतरवता आलं नसतं. म्हणून आठवड्यातून दोनदा तिची अंघोळ इथे, चढावरच्या, वृद्धांना दिवसा सांभाळणाऱ्या दिवसघरात होणार होती. या न्हाणीचं काम शोझोने मागून घेतलं होतं. ज्या भिंतीकडे तोंड करून ती बसेल ती आपण लावायची, एवढंच त्याच्या मनात होतं. वाटणीची आठवण त्याला काम घेतल्यावर झाली.

टाइला मोठ्या होत्या. साठ सेंटीमीटर रुंद, त्याच्या दुप्पट उंच, ओल्या शेवाळाच्या रंगाच्या. लहान टाइल माणसाला माफ करते. शंभर सांध्यांत केसभर केसभर चूक जिरून जाते. मोठी टाइल काही जिरवत नाही. त्यात ज्या कारखान्याने त्या भाजल्या त्याची भट्टी मार्चमध्ये कायमची विझली होती. समोरच्या भिंतीला सहा, बाजूंना चार-चार, अशा चौदा टाइला. पंधरावी जगात नव्हती.

बाजूच्या भिंती सोप्या होत्या. घोडं अडलं होतं समोरच्या भिंतीवर. रुंदी एकशे अडतीस. डावीकडून सुरुवात केली तर दोन टाइला पुऱ्या बसत आणि उजव्या कोपऱ्यात सतरा सेंटीमीटरची पट्टी उरे. मधोमध रेघ मारून तिच्या दोन्ही बाजूंना एकेक टाइल लावली तर दोन्ही कोपऱ्यांत जेमतेम चार बोटांची चिंधी. फुमिएचा शब्द त्याला पाठ होता. "अर्ध्याहून बारीक तुकडा दिसला की समजावं, इथे येडा येऊन गेला." एकदा एका गरम पाण्याच्या गावी तिने न्हाणीघराच्या कोपऱ्यातली चिंधी पाहिली आणि अंघोळ न करता बाहेर येऊन बसली होती. आता ती समोरच बसणार होती आणि उठून बाहेर येणं तिच्या हातात नव्हतं.

त्या दुपारी तो काठी घेऊन इस्पितळात गेला.

फुमिएला खुर्चीत बसवलं होतं. तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. कशालाही ती तोच म्हणायची.

"फुमिए, भिंत एकशे अडतीस. टाइल साठाची. सांधा तीन मिलिमीटर." त्याने काठी तिच्या मांडीवर आडवी ठेवली आणि डाव्या हातात पेन्सिल दिली. "कर ना खुणा. नेहमीसारख्या."

तिने पेन्सिल धरली. काठीकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळावर ती जुनी आठी उमटली. शोझोचा जीव हरखला. तिने एक रेघ मारली. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी, चौथी, एकीला एक खेटून, फणीच्या दातांसारखी. बोटभर जागेत वीस रेघा झाल्या तरी हात थांबेना. शोझोने हळूच पेन्सिल काढून घेतली.

"अर्धं," फुमिए म्हणाली.

"त्या सारख्या तेच म्हणतात, काका," ताट आवरणारी परिचारिका म्हणाली. "पहिल्यांदा मला वाटलं भात अर्धाच हवा. आठवडाभर अर्धी वाटी देत होते हो मी! मग कळलं, खिडकीलाही अर्धं, डॉक्टरांनाही अर्धंच." ती हसली, आणि त्याचा चेहरा पाहून ताट उचलून निघाली.

गाडीत बसल्यावर शोझोने किल्ली फिरवली नाही. त्याला वाटलं, हिबिनोला सांगावं की माझे गुडघे गेले, दुसरा माणूस बघ. मग दुसरा माणूस येईल, घाईत चिंधी लावून जाईल, आणि ती त्या चिंधीसमोर मरेपर्यंत बसेल.

दुसऱ्या दिवशी त्याने घरातली जुनी वर्तमानपत्रं नेली. ती जोडून, कापून टाइलएवढे कागद केले. बेचाळीस वर्षं टाइला लावलेल्या मिस्त्रीने शाळेतल्या पोरासारखे कागद भिंतीला चिकटवायला घेतले. डावीकडून लावले, चिंधी. उजवीकडून, चिंधी. मधल्या रेघेपासून, दोन चिंध्या. त्याने कागद ओरबाडून काढले. कपाळ भिंतीला टेकवून तो तसाच उभा राहिला.

"हे काय, पतंग करताय?" मागून हिबिनो. "मिस्त्री, सोमवारी नळवाला येतोय. खरं सांगा, जमतंय का नाही?"

शोझो वळला. "नाही जमत. वाटणी मला कधी येतच नव्हती. ती फुमिएची असायची."

"कुणाची?"

"माझ्या बायकोची. सगळी. पहिल्या दिवसापासून."

हिबिनो बघतच राहिला. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुमची तारीफ करायचो ती..."

"तिची होती."

"आणि तुम्ही ऐकून घ्यायचात! मान डोलवायचात वर!"

"हो."

हिबिनोने वाकून खाली पडलेला एक कागद उचलला आणि काय करावं न सुचून त्याची उभी घडी घालून शोझोपुढे धरला. "घ्या. आवरा हे."

शोझोने कागद उलगडला. मधोमध घडीची रेघ होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

अंथरूण घालताना चादर मधोमध दुमडतात, ती घडी गादीच्या मध्यावर ठेवतात आणि मग दोन्हीकडे सारखी सोडतात. मधल्या रेघेवर दोन टाइलांचा सांधा आलाच पाहिजे असं कुणी सांगितलं होतं? त्याने कागदाची घडी भिंतीच्या मधल्या रेघेवर टेकवली. टाइल अर्धी इकडे, अर्धी तिकडे. सगळं अर्ध्या टाइलने सरकलं. दोन्ही बाजूंना उरलेली जागा त्याने मोजली. पुन्हा मोजली. अडतीस सेंटीमीटर आणि वर सात मिलिमीटर, दोन्हीकडे सारखी. अर्ध्याहून जास्त.

"अर्धं," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. तेवढं टोक धर."

हिबिनोने टोक धरलं.

काठीवर फणीसारख्या रेघा होत्या. शोझोने त्या पुसल्या नाहीत. काठी फिरवून कोऱ्या बाजूला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने खुणा केल्या. नळाचं भोक आता मधल्या टाइलच्या बरोबर पोटात आलं. ते पाडताना त्याने श्वास रोखून धरला होता. टाइल तडकली नाही.

संध्याकाळी तो फुमिएला सांगायला गेला. "सरकवलं बघ. अर्धं. तू तेच सांगत होतीस ना?"

फुमिए खिडकीकडे बघत होती. "अर्धं," ती खिडकीला म्हणाली. अगदी त्याच आवाजात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिची तिथली पहिली अंघोळ होती. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून शोझो पडद्याबाहेरच्या बाकावर बसला. शेजारी टॉवेल, मांडीवर काठी. ती त्याने अजून मोडली नव्हती.

आत पाणी सुरू झालं, मग अंघोळ घालणाऱ्या बाईचा आवाज आला. "आजी, पाणी गरम लागतंय का?"

"अर्धं."

"बरं, थोडं थंड करते."

मग पाणी थांबलं, आणि शोझोला एक आवाज आला. नख टाइलवरून फिरत होतं. सांधे भरून वाळले की फुमिए असंच एक नख भिंतीवरून ओढत न्यायची, डोळे मिटून. गुळगुळीत सरकत जायचं आणि सांध्यावर टक् वाजायचं. तेवढ्यावरून तिला सगळी भिंत कळायची.

टक्.

मग बराच वेळ नुसतं सरकणं. साठ सेंटीमीटर. शोझो बाकावरून अर्धवट उठला.

टक्.

मग पुन्हा लांब सरकणं, थेट कोपऱ्यापर्यंत. चिंधीचा तिसरा टक् आला नाही.

"काय बघताय आजी? मस्त आहे ना भिंत?"

पाणी पुन्हा सुरू झालं.

शोझोने काठीच्या दोन्ही बाजू एकदा पाहिल्या. मग ती टॉवेलात गुंडाळली, गुडघ्यावर ठेवली आणि आवाज आत जाणार नाही अशा बेताने हळूच मोडली.