पाळक येईपर्यंत

जामोत आमच्या चर्चचे 'वडील', म्हणजे पाळकांच्या खालोखालचे पुढारी; आमच्या मंडळीचं कुलूपच. किल्ली पाळकांकडे असते, असं ते म्हणायचे. पण पाळक राहतात तोबा सरोवराच्या पलीकडे, येतात कधीमधी, त्यामुळे गावाची गाठ कुलपाशीच. गाताना कुणाचा सूर चुकला तरी मान वळवून बघणार. माझं ताडीचं दुकान चर्चसमोर, म्हणजे माझ्याकडे तर रोजच.

त्या दुपारी रुस्मिन धावत त्यांच्या अंगणात आली, तिच्या मागोमाग मी. हातात तान्हं पोर, त्याचे ओठ निळे. सरोवर खवळलेलं, दवाखान्याकडे होडी सुटत नव्हती. चर्चमध्ये लग्न न लावता ती तोगारबरोबर पळाली होती, म्हणून मंडळीने तिला बाहेर ठेवलेलं.

"अमांग, बाबा, याला बाप्तिस्मा द्या. असाच गेला तर..."

"आधी रविवारी मंडळीसमोर उभी राहा, चूक कबूल कर. मग पोराचं बघू."

"राहते की! पण हा रविवारपर्यंत थांबतोय का, तेवढं त्यालाच विचारा."

मला राहवेना. "वडील, जीव जात असला तर पाळकांवाचून बाप्तिस्म्याचं पाणी घालायची तुम्हाला मुभा आहे ना?"

"मंडळीतल्या पोरांना! तू तुझी ताडी गाळ."

तेवढ्यात पोर घरघरलं आणि गप्प झालं. रुस्मिनने त्याच्या छातीला कान लावला. रडलीसुद्धा नाही. वडील खाली वाकले, त्यांनीही कान लावला.

"आहे अजून," ते पुटपुटले. मग माझ्यावर ओरडले, "बघतोस काय? पाणी आण!"

वडिलांनी घाईघाईने पोराच्या डोक्यावर पाणी घातलं, निम्मं रुस्मिनच्या मनगटावर सांडलं. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा. तोवर तोगारही धावत आला; मग तो आणि वडील, दोघांनी मिळून होडीवाल्याला घरातून ओढून काढलं.

पोर वाचलं. रविवारी पाळक आले तेव्हा मायलेकरं दवाखान्यातच होती. चूक कबूल करायला जिथे उभं करतात, तिथे जामोत वडील जाऊन उभे राहिले.

"नियम मी मोडला. ठेवा मला बाहेर."

पाळकांनी विचारलं, "कुणाच्या अधिकाराने पाणी घातलंत?"

"प्रभूने कुष्ठरोग्याला आधी हात लावला, याजकाकडे मागून पाठवलं. मी क्रम उलटा धरून बसलो होतो."

"खाली बसा, वडील."

"आधी तिला आत घ्या."

पाळक म्हणाले, "ती येईल तेव्हा इथे उभी राहील. तिच्या शेजारी कोण?"

"मी," वडील म्हणाले, आणि मगच बसले.